श्राद्धाचे दोन साक्षीदार

दादा, तुझी फाईल बंद झाली. तुझी राख अजून कुरियरनं यायची होती, त्याआधी अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाचा आदेश आला. दीड पान. अर्जदार हयात नाही, त्यामुळे त्याला सोडायचं की नाही हा प्रश्न उरलेला नाही, सबब अर्ज निकाली. मी इथं दुबईत ऑफिसात होते, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या काचेच्या खोक्यात. समोर एक्सेल उघडी ठेवून मी ते दीड पान पुन्हा पुन्हा वाचलं. कुठेतरी एखादी ओळ असेल, उशीर आमच्याकडून झाला अशी, निदान वाईट वाटलं अशी. नव्हती. माझा मॅनेजर लेबननचा, भला माणूस. माझा चेहरा बघून जवळ आला, कुणी गेलंय हे त्याला माहीत होतं. हळूच म्हणाला, "खलास, हबीबती, गो होम." पुरे आता, घरी जा. बिचाऱ्याला मी असं काही बोलले की तो दोन दिवस माझ्या टेबलाकडे फिरकला नाही.

हेबियस कॉर्पस हा शब्द तू मला पहिल्यांदा तुरुंगातून फोनवर सांगितलास तेव्हा मी हसले होते. मला ते औषधाचं नाव वाटलं. तू समजावलंस, लॅटिन आहे, माणसाला कोर्टापुढे आणून उभं करा आणि त्याला कुठल्या अधिकारानं कोंडलंत ते सांगा, असा अर्थ. केवढा मोठा वाटला होता तो अर्थ मला. मग तुझ्या वकीलबाईंनी बारीक अक्षरातलं सांगितलं. राज्याच्या कोर्टानं शिक्षा दिली आणि राज्याच्याच वरच्या कोर्टांनी ती कायम केली, की फेडरल, म्हणजे केंद्राचं, कोर्ट खटला नव्यानं चालवत नाही. राज्याच्या कोर्टाचं चुकलं, एवढं पुरत नाही; कुठल्याही समंजस न्यायाधीशाला पटणार नाही इतकं चुकलं का, ते बघतात. तेही राज्याच्या कोर्टापुढे जे आलं होतं तेवढ्यावरच. जे तिथं मांडलं नाही ते इथं मांडायची सहसा सोय नाही. मी विचारलं, आणि ते खरं असलं तर? बाई म्हणाल्या, खरं असलं तरी.

माणसाला हजर करा म्हणणारा कायदा, दादा, आणि आता माणूसच उरला नाही म्हणून तो हात झटकून मोकळा. पण त्यांच्यावरचा राग मी पुरवून वापरणार आहे. आज मला तुझ्याशी बोलायचंय. मेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायचं असतं, असं इथं जो तो मला सांगतोय. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

जे तू राज्याच्या कोर्टापुढे मांडलं नाहीस ते काय होतं? आपल्या बाबांचं श्राद्ध.

आई तेव्हाही माझ्याकडेच होती, अल मनखूलच्या याच फ्लॅटमध्ये. थोरला मुलगा तू, आणि तू अमेरिकेत. गुरुजींनीच तोडगा काढला. वेळ दुबईच्या दुपारची धरायची, तू तिकडे व्हिडिओ कॉलवर बसायचं, ते इकडून मंत्र सांगतील, तू तिकडे पाणी सोडायचं. मी आणि मिलिंद, नवराबायको दोघं ऑफिसात, आमची इरा ऊद मेथाच्या शाळेत. घरी फक्त आई आणि गुरुजी. आईनं फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. तुझ्याकडे अजून उजाडलं नव्हतं. उघड्या अंगानं, किचनच्या फरशीवर, स्टीलचं ताट पुढ्यात घेऊन तू तास-दीड तास बसलास. आणि त्याच वेळात, दोन गल्ल्या पलीकडे, तुझ्या घरमालकाचं घर पेटलं आणि म्हातारा त्यात गेला.

आदल्या संध्याकाळी तुझी त्याच्याशी बाचाबाची झालेली, शेजारपाजाऱ्यांनी ऐकलेली. तुझ्या फोडणीच्या वासावरून तो तुला घर सोडायला सांगत होता. आणि पहाटे कुणा बाईनं अंधारात एक सावळा माणूस जाताना पाहिला होता. सावळा माणूस. दादा, मी रोज मेट्रोत सावळ्या माणसांच्या गर्दीत उभी असते आणि हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कॉलची नोंद होती, पण सरकारी वकील म्हणाला, फोन किचनमध्ये चालू ठेवून माणूस बाहेर जाऊन येऊ शकतो. तू समोर बसला होतास हे सांगणारं माणूस हवं होतं. एक सोडून दोन होती. तुझ्या वकिलानं तुला विचारलं, कॉलवर तुला कुणी पाहिलं का? आणि तू म्हणालास, तसं कुणी नाही.

का, तर आईला परक्या माणसांपुढे उभं करायचं नाही. तिला तिच्याच मुलाबद्दल वाटेल ते विचारतील. बाबांचं श्राद्ध त्या लोकांच्या तोंडी नको. आणि गुरुजी? गुरुजी एका बांधकाम सामानाच्या कंपनीत स्टोअरकीपर, कंपनीच्याच व्हिसावर आलेले. जेवणाच्या सुट्टीत कंपनीचा शर्ट घालूनच यायचे, सोवळं कॅरीबॅगेत. ते बाहेर पूजा सांगतात हे कंपनीला कळलं तर त्यांची नोकरी जाईल, याची तुला केवढी काळजी. मुळात तुला खात्री होती की आपण केलेलंच नाही तर ते सिद्ध होईल कसं. तिथल्या सरकारनं दिलेल्या वकिलालाही बरंच वाटलं असणार. दुबईला फोन करायचा त्याचा व्याप वाचला.

आईला तू शपथ घातली होतीस, यातलं अवाक्षर काढायचं नाही म्हणून. शिक्षा झाली त्या दिवशी आईनं ती शपथ मोडली. माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी साडी नेसून तयार झाली, म्हणाली, कुठे जाऊन सांगायचं ते सांग, मी सांगते. तिनं प्रतिज्ञापत्र केलं, फक्त स्वतः काय पाहिलं तेवढ्याचं. राज्याच्या कोर्टानं त्यावर दोन गोष्टी म्हटल्या. एक, हे इतक्या उशिरा का? दुसरी, आईच ती, आई असंच म्हणणार. त्यानंतर कुठे या वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं, घरचं नसलेलं कुणी तिथं होतं का? मी गुरुजींचं सांगितलं. त्यांनी मला बजावलं की साक्षीदाराशी परस्पर काही बोलू नका, आधी मी त्यांच्याशी बोलते. त्यांच्याशी म्हणजे आधी तुझ्याशी. आणि तू त्यांना काय सांगितलंस? आईनंच पोथी बघून सगळं केलं, दुसरं कुणी नव्हतं. स्वतःच्या वकिलाशी खोटं बोललास. आयुष्यभर कधी खोटं बोलला नाहीस, सातवीत माझं प्रगतिपुस्तकसुद्धा बाबांपासून लपवू दिलं नाहीस, आणि बोललास ते हे. आणि बाई म्हणाल्या, अर्जदार स्वतः नाही म्हणतोय तिथं मी बहिणीच्या शब्दावर कुणाचं नाव घालू शकत नाही.

त्यावरून आपण किती भांडलो. तुझा फोन यायचा, मधूनच ती रेकॉर्ड केलेली बाई सांगायची की हा कॉल तुरुंगातून आहे, आणि आपण दोघं एकमेकांच्या अंगावर ओरडत असायचो. मी म्हणायचे, गुरुजींचं नाव दे. तू विषय बदलायचास. इराचा अभ्यास कसा चाललाय, आईचा गुडघा कसा आहे. एकदा मी अगदी हट्टाला पेटले तेव्हा तू म्हणालास, "त्या माणसाच्या पोटावर पाय देऊन मला बाहेर यायचं नाही. पुन्हा हा विषय काढलास तर मी फोन करणार नाही." आणि खरंच महिनाभर केला नाहीस. आई रोज फोन चार्जरला लावून त्याच्यासमोर बसायची. मी हरले. पुढच्या फोनवर मी तुला इराच्या अभ्यासाचं सांगितलं.

तसा तू पहिल्यापासून असाच. मला दुबईला आणलंस तेव्हाही मला न विचारता तिकीट काढून मोकळा झाला होतास. विमानतळावर घ्यायला आलास तर हातात माझ्यासाठी स्वेटर, कारण इथं ऑफिसात एसीनं लोक गारठतात. मी तुला वेड्यात काढलं, बाहेर चाळीसच्या वर ऊन, आणि हा स्वेटर घेऊन आलाय. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात तो घालून बसले. तुझी एकुलती एक खोली मला देऊन तू सहा महिने मित्राच्या हॉलमध्ये झोपलास आणि मला सांगितलंस की तिथून तुला ऑफिस जवळ पडतं. जवळ वगैरे काही नव्हतं. मिलिंदशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आईबाबांशी तूच भांडलास, आणि मगच अमेरिकेला गेलास. या सगळ्याबद्दल मी तुला कधी आभाराचा शब्द बोलले नाही, आपल्यात तशी पद्धत नाही. आज म्हणते. मनापासून म्हणते. आणि त्याच दमात हेही म्हणते की माणसानं दुसऱ्याचं भलं असं परस्पर ठरवून टाकू नये.

मग शेवटी फट सापडली. वकीलबाई म्हणाल्या, माणूस खरोखरच निर्दोष असल्याचा भक्कम पुरावा असेल तर फेडरल कोर्ट क्वचित उशिराकडे काणाडोळा करतं. दार नव्हे, फटच. त्यांनी त्या फटीत पाय घातला. आणि न्यायाधीशांनी मान्य केलं, की आईला ऐकायचं, व्हिडिओवर, दुबईहून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की त्या बाईचं काय म्हणणं आहे ते ऐकू या. मी ऑफिसातली मीटिंग रूम सांगून ठेवली. इरा रोज शाळेतून आली की सरकारी वकील व्हायची. डायनिंग टेबलाच्या पलीकडे ताठ बसून आजीला विचारायची, "हाउ डू यू नो ही नेव्हर लेफ्ट द रूम?" मी मराठीत सांगायचे. आई म्हणायची, "तर्पण करताना मधे कुणी उठतं का गं?" इरा म्हणायची, "आजी, जस्ट आन्सर द क्वेश्चन." आई पुन्हा नीट सांगायची, न चिडता, की माझा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर होता, एकदाही उठला नाही. तिचं ते सांगणं ऐकून मला वाटायचं, हे ऐकल्यावर कोण तुला आत ठेवेल?

आणि मग मुदतवाढ. सरकारी वकील बदलला, नव्याला फाईल वाचायला वेळ हवा. दिला. मग तो रजेवर. दिला. मग राज्याच्या कोर्टातून कागद आले नाहीत. दिला. आईच्या प्रतिज्ञापत्राला उशीर झाला म्हणून त्यांनी तिला दारात उभं केलं नव्हतं, दादा, आणि सरकारी वकिलानं मागितला की वेळच वेळ. तू फोनवर म्हणायचास, होईल गं, इतकी वर्षं थांबलो. त्याच काळात तुझ्या छातीत दुखायला लागलं. तू तिथल्या दवाखान्यात सांगितलंस, त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. पुन्हा सांगितलंस, पुन्हा गोळ्या, आणि त्यातच तू गेलास. हे आम्हाला तू गेल्यावर कळलं. आम्हाला तू सांगत होतास की जेवण बरं असतं, पुस्तकं मिळतात, माझं काही काळजी करण्यासारखं नाही. वकीलबाईंनी तुझा देह ताब्यात घेतला आणि जे करायचं ते केलं. आईनं फक्त विचारलं, त्याला कुणी पाणी घातलं का तोंडात? मी हो म्हटलं. मला काय माहीत.

इथं काय सांगायचं, यावर दोन दिवस खलबत झालं. सगळ्यांना तू अमेरिकेत नोकरीला आहेस एवढंच ठाऊक. खालच्या मजल्यावरच्या वैद्यकाकू शिरा घेऊन आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, काहीतरी तुरुंगाबिरुंगाचं कानावर आलं होतं, पण आपण आपलं हार्ट अटॅक म्हणायचं, मंडळाच्या ग्रुपवर तेवढंच टाकते. मिलिंदनंही मान डोलावली, त्याला वाटलं आईला त्रास नको. त्या मनानं वाईट नाहीत, पण तो शिऱ्याचा डबा मी त्यांच्या हातात परत द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात इरा आतून आली आणि म्हणाली, "मामा इज नॉट अ सीक्रेट, ओके?" सतरा वर्षांची पोर, तिनं तुला फक्त फोनवर ऐकलेला, आणि बोलली तीच.

मग तेराव्याला गुरुजी आले. तेच गुरुजी, तोच कंपनीचा शर्ट, फक्त केस पांढरे झालेले. इतकी वर्षं बाबांच्या श्राद्धाला यायचे आणि विचारायचे, दादा यंदाही कॉलवर नाहीत? आई सांगायची, त्याची शिफ्ट असते. मिलिंद तुझ्या जागी बसायचा. या वेळी आई म्हणाली, मुलीच्या हातून करायचं. गुरुजी एवढंच म्हणाले की चालेल, बसा. आम्ही हॉलमध्ये सोफा सरकवून जागा केली होती. संकल्पाच्या आधी त्यांनी विचारलं, दादा गेले ते कुठे, हॉस्पिटलमध्ये का? मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही गुरुजी, तुरुंगात. न केलेल्या गुन्ह्यासाठी."

आणि मग मी सगळं सांगितलं. आता कसली शपथ आणि कुठला वकील. कुठली आग, कुठला दिवस, तू त्या वेळी कुठे होतास. गुरुजी दर्भ हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी तर ते माझ्यासमोर होते. मधेच त्यांच्याकडे बंबांचे भोंगे वाजायला लागले, मला त्यांचं ऐकू येईना. मीच म्हटलं, कुणाला तरी खिडकी लावायला सांगा. ते म्हणाले, घरात दुसरं कुणी नाही गुरुजी, राहू दे."

आई हेच सांगत आली होती. समोर होता, उठला नाही. त्या कोर्टाला आईचे शब्द पुरत नव्हते, आणि जो माणूस पुरला असता तो आपल्या हॉलमध्ये दरवर्षी येऊन जेवून जात होता.

त्यांनी विचारलं, मग मला कुणी बोललं का नाही. मी सांगितलं. तुमची नोकरी, तुमचा व्हिसा, दादाला ते नको होतं. गुरुजींनी हातातला दर्भ खाली ठेवला. आई त्यांच्याकडे बघत होती आणि इरा दारात उभी होती. "ताई," ते म्हणाले, "माझ्या व्हिसाची काळजी त्यांनी कशाला करायची? मी आलो असतो. नोकरी गेली असती तर गावी परत गेलो असतो, रत्नागिरीला काय माणसं जगत नाहीत? मला एकदा विचारायचं होतं." मग पुन्हा, आवाज न चढवता, "एकदा विचारायचं होतं मला."

दादा, तुला कळतंय का तू काय केलंस? तू त्या माणसावर उपकार केलास असं तुला वाटत होतं. आता तो जन्मभर हे घेऊन फिरणार. त्याला तू भित्रा ठरवलंस, तोही त्याला न विचारता. आईला नाजूक ठरवलंस. ती आई, जी इराच्या उलटतपासणीत एकदाही अडखळली नाही. मला तर तू काही ठरवलंही नाहीस, नुसता विषय बदललास. त्या न्यायाधीशांनी साक्षीदार ऐकून घेतले नाहीत म्हणून मी त्यांना शिव्या घालत होते. त्यांच्याही आधी ते तू ऐकून घेतले नव्हतेस.

गुरुजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, चला, हात पुढे करा. मी पाणी सोडलं, पिंड ठेवला, ते सांगतील ते ते केलं. शेवटी म्हणाले, आता भावाला नमस्कार करा. मी तशीच बसून राहिले. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, पण कर म्हणून म्हटलं नाही, आणि गुरुजीही घाई न करता थांबले. बऱ्याच वेळानं मी वाकले. नमस्कार केला, दादा. माफ केलेलं नाही.